नववा आठवडा

खरं सांगायचं तर खरात मॅडमबद्दल चांगलं लिहायला माझा हात सहजी वळत नाही. त्या वाईट होत्या म्हणून नव्हे. वाईट असत्या तर काम सोपं झालं असतं. तीर्थपुरीच्या हायस्कुलात आम्ही अकरा वर्षं एकत्र होतो, त्या गणिताच्या आणि मी खेळाचा. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. पहिली नऊ वर्षं मी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही, आणि शेवटची दोन वर्षं त्यांच्यावर इतका जळलो की बायको म्हणायची, "तुमच्या तोंडात खरात मॅडमबिगर दुसरं नावच न्हाई राह्यलं."

ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, अंगानं भरलेल्या. माहेर टेंभुर्णीचं. नवरा जालन्याला नोकरीत, शनिवारी यायचा. बाकी सहा दिवस मॅडम पेठेतल्या दोन खोल्यांत एकट्या असायच्या. चालताना त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असे, कारण बाई पावलं मोजत. घर ते शाळा आठशे बारा. एकदा आल्या आल्या म्हणाल्या, "आज आठशे एकोणीस भरली. रस्त्यात म्हैस आडवी बसल्ती." आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत, त्यांना यात हसण्यासारखं काही दिसलंच नाही. "अंदाजानं न्हाई, मोजून," हे त्यांचं पालुपद. डब्यातले शेंगदाणेसुद्धा मोजून खायच्या आणि मोजूनच आम्हाला द्यायच्या, प्रत्येकी पाच.

अंबाड्यात लाल पेन खोचलेला. वही तपासायची त्यांची रीत वेगळी होती. फुली म्हणून कधी मारायच्या नाहीत. गणित जिथं चुकलं असेल बरोबर तिथं बारीक गोल करायचा आणि शेजारी लिहायचं, "इथून पुन्हा." वरचं सगळं तसंच राहू द्यायचं, खोडायचं नाही. "वरचं चुकलेलं न्हाई ना, मंग त्याला कामून मारायचं?" असं त्यांचं म्हणणं. वर्गात "समजलं का?" असंही त्या विचारत नसत. विचारायच्या, "कुठं अडलं?" मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "समजलं का म्हणलं की समदे हो म्हणतेत, सर. कुठं अडलं म्हणलं की बोलावं लागतंय." आणि गणित बरोबर आलं तरी "शाबास" नाही. नुसतं "बराबर." तो एक शब्द मिळावा म्हणून दहावीची टोणगी पोरं जीव टाकायची. माझ्या शिट्टीला ती पोरं तेवढी भीक घालत नसत.

आता थोडं माझंही सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी वडीगोद्रीचा. बी.पी.एड. झाल्यावर हिमालयातल्या गिर्यारोहणाच्या एका शिबिरासाठी माझं नाव लागलं होतं. सबंध तालुक्यातून मी एकटा. तेव्हाच्या औरंगाबादला आम्हाला एक दिवस बोलावून बारा आठवड्यांच्या सरावाचा तक्ता फळ्यावर लिहून दिला होता. तो मी वहीत उतरवून आणला आणि अंबडच्या देवीच्या पायऱ्यांवर, पाठीला ज्वारीचं पोतडं बांधून, चढायला लागलो. शिबिराला मात्र गेलो नाही. कावीळ झाली म्हणून हुकलं, असं गेली तेवीस वर्षं मी सांगत आलोय. घरी, सासरी, शाळेत, सगळ्यांना. शाळेत भजी आली की आमचे मुख्याध्यापक हमखास म्हणणार, "शिंदे सर, तुम्हाला कावीळ झाल्ती, दोनच घ्या." म्हणून तेवीस वर्षं मी दोनच भजी खातोय. मला कावीळ कधी झालीच नव्हती. नवव्या आठवड्याच्या दुसऱ्या दिवशी मी पायऱ्यांवर बसलो तो उठलो नाही. पाय म्हणाले नाही, आणि मीही त्यांना फार आग्रह केला नाही. मुकाट ज्वारी घेऊन घरी आलो.

मॅडमचं डोंगराचं खूळ सुरू झालं ते शाळेशेजारच्या पाण्याच्या टाकीवरून. दहावीला 'उंची आणि अंतर' शिकवताना त्यांनी पोरींना बाहेर नेलं, टाकीची सावली मोजली, काठीची सावली मोजली आणि टाकीची उंची काढून दाखवली. तर पूजा नावाची एक पोरगी म्हणाली, "मॅडम, पुस्तकात उत्तर मागच्या पानावर असतंय. याचं उत्तर कुठंय?"

दुसरा कोणी मास्तर असता तर पोरीला खाली बसवलं असतं. मॅडमनी टाकीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "वर हाय. जाऊन पाहू."

टाकीच्या जिन्याला खाली लोखंडी फाटक आहे, त्याची किल्ली पाणी सोडणाऱ्या शेखचाचांकडे. चाचांनी फाटक उघडलं आणि एक्कावन्न वर्षांच्या खरात मॅडम, पदर कमरेला खोचून, हातात सुतळीचा गुंडा घेऊन जिना चढायला लागल्या. मी मैदानावरून पाहत होतो. चार ठिकाणी बसल्या. एका ठिकाणी तर कठडा धरून डोळे मिटून इतका वेळ थांबल्या की चाचा अर्ध्यापर्यंत पळत गेले. पण वर गेल्या. वरून सुतळी सोडली, पोरींनी खाली टोक धरलं, गाठ मारली. उतरल्यावर सुतळी मोजली आणि घामानं निथळत जाहीर केलं, "आठ इंच चुकलं. सावली मोजताना पूजाची पट्टी वाकडी होती."

दुपारी मी गंमत करायला विचारलं, "काय मॅडम, वरून काय दिसलं?"

"सपाट," त्या म्हणाल्या. "कालवा, मोसंबीचे बाग, रस्ता. जिथपर्यंत नजर जाती तिथपर्यंत सपाट. एक्कावन्न वर्षं झाले सर, मी सपाटच चालून राह्यले."

मला वाटलं विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पुन्हा टाकीवर. तीन ठिकाणी बसल्या. आठवड्याभरानं एकदाही नाही.

महिन्याभरात त्यांनी पेपरातलं कात्रण आणून माझ्यापुढं ठेवलं. संभाजीनगरचा कुठला तरी गिर्यारोहकांचा गट पन्नाशीपुढच्या बायकांना हिमालयातल्या एका शिखरावर नेणार होता. अट एकच होती. तीन महिन्यांनी दौलताबादचा किल्ला पाठीवर बारा किलो वजन घेऊन, ठरलेल्या वेळेत, दोनदा चढून उतरून दाखवायचा. जमलं तर पुढं, नाहीतर घरी.

"सर, तुम्ही या विषयातले," मॅडम म्हणाल्या. "मला तक्ता करून द्या. रोज काय करायचं ते. मी अंदाजानं न्हाई करणार."

इथं मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. पन्नाशीच्या बाईला कसा सराव द्यायचा हे मला माहीत होतं. हळूहळू चालणं, मग थोडं वजन, मधे विश्रांती. सरकारनं मला त्याचंच शिक्षण दिलंय. पण त्या सकाळी काय झालं होतं, तर माझ्या कवायतीला चार पोरं आली होती आणि टाकीखाली मॅडमला बघायला पंधरा पोरी जमल्या होत्या. शिवाय जो हिमालय माझा हुकला तिथं ही गणिताची बाई जाणार! घरी गेलो, ट्रंकेतून तेवीस वर्षांपूर्वीची वही काढली आणि तो बारा आठवड्यांचा तक्ता स्वच्छ कागदावर जसाच्या तसा उतरवून दिला. तेवीस वर्षांच्या पोरांसाठी केलेला तक्ता. त्यानं मी मोडलो होतो. बाई तिसऱ्या आठवड्यात मोडेल, असा माझा हिशेब होता. गुडघे जातील हेही मला कळत होतं.

मॅडमनी कागद दोन्ही हातांनी घेतला. "लई मेहनत घेतली सर तुम्ही," म्हणाल्या. मी म्हणालो, "त्यात काय."

मग पुढचे तीन महिने मी रोज सकाळी पाचला उठून त्या बाईचं मोडणं बघायला जात होतो. टाकीच्या पायऱ्या एकशे सोळा. पाठीवर वजन म्हणून त्यांनी काय घेतलं असेल? जुन्या उत्तरपत्रिका. घटक चाचण्यांचे गठ्ठे सुतळीनं बांधून पिशवीत भरलेले, किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून आणलेले. "नापास पोरांचंच वजन जास्त भरतंय," म्हणायच्या. पायात कॅनव्हासचे बूट, अंगात भाच्याची ढगळ पँट आणि वर पोरींच्या गणवेशातली ओढणी. शेखचाचा खाली स्टुलावर बसून खडे मोजायचे. एक फेरी झाली की एक खडा इकडचा तिकडे.

"मॅडम, आज तो एक फेरी ज्यादा हो गई," चाचा म्हणायचे.

"न्हाई चाचा, तुमचा खडा घरंगळला. पायाखाली पाहा."

पायाखाली खडा सापडायचा.

तिसरा आठवडा गेला, पाचवा गेला. गुडघे सुजले, तर रात्री एरंडाचं पान बांधून सकाळी हजर. चेहरा उतरला, गळ्याचं हाड दिसायला लागलं. पोरी आता नुसत्या बघत नव्हत्या, मागून चढत होत्या. माझ्या मैदानावर दोनच पोरं उरली आणि त्यातलं एक माझं होतं.

सहाव्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "सर, तिकडं थंडी असती. थंडीचा सराव कसा करावा? आपल्याकडं तर मार्चातच डोकं उकळून राह्यलंय." मी खांदे उडवले. त्यांनीच उपाय काढला. गावाबाहेरच्या दूध डेअरीच्या माणसाला गाठलं आणि दुधाचे क्रेट ठेवायच्या थंड खोलीत वीस मिनिटं बसायची परवानगी मिळवली. बसल्या आणि सोबत दहा गणितं घेऊन बसल्या, थंडीत डोकं चालतं का ते पाहायला. बाहेर आल्या तेव्हा ओठ जांभळे, तरी वही उघडून दाखवली. "पाचव्या गणितात चुकलं. थंडीत सर, आधी वजाबाकी जाते. बेरीज टिकती." मी त्यांना वेड्यात काढलं, सगळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी डेअरीत जाऊन, पोरांना आईसक्रीम पाहिजे म्हणून खोटं सांगून, मीही त्या खोलीत बसलो. सात मिनिटांत बाहेर आलो. डेअरीवाला म्हणाला, "मॅडम तर वीस मिनिटं बसल्त्या." मला माहीत होतं.

नववा आठवडा आला तेव्हा मला झोप लागेना. सोमवारी पाच वाजता शाळेच्या ओसरीत खांबाआड उभा राहिलो. आठव्या आठवड्यात रोज दोन हजार पायऱ्या होत्या, दहा किलो घेऊन. त्या दिवसापासून तेवीसशे, बारा किलो. सूर्य वर आला तरी मॅडमचं चाललेलंच. शाळेची पहिली घंटा झाली तेव्हा कुठं त्या खाली उतरल्या, फाटकाला धरून उभ्या राहिल्या आणि ओकल्या. चाचांनी पाणी दिलं. मी मनात म्हणालो, उद्या नाही येणार. मंगळवारी आल्या. मंगळवार हा माझा दिवस होता. माझा तक्ता ज्या ओळीवर संपला होता ती ओळ बाई चढत होत्या आणि मी खांबाआडून देवाला, खरंच सांगतो, देवाला म्हणत होतो की बसव. बसल्या नाहीत. बुधवारी आल्या, गुरुवारी आल्या. वर्गात खुर्चीवरून उठताना टेबलाला धरून उठत होत्या, पण शिकवत होत्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर तक्त्याचा कागद घेऊन माझ्याजवळ आल्या. रोजच्या चौकटीत बारीक बरोबरच्या खुणा केलेल्या, एकही जागा रिकामी नाही.

"सर, एक शंका आहे. नवव्या आठवड्यात चूक दिसती."

"कसली चूक?"

"हे पाहा. पहिल्या आठ आठवड्यांच्या पानावर वर लिहिलंय, 'पायऱ्या, चढ-उतार मिळून'. दोन हजार म्हंजे हजार चढल्या, हजार उतरल्या. नवव्यापासून दुसरं पान हाय. त्याच्यावर लिहिलंय, 'पायऱ्या, फक्त चढ'. म्हंजे तेवीसशे चढायच्या आणि तेवीसशे उतरायच्या. दर आठवड्याला दोनशे-तीनशेची वाढ चालू हाय आणि नवव्यात एकदम दुपटीच्या वर. वजनही वाढवलंय. कोणताच शहाणा माणूस असा तक्ता करणार न्हाई. हे उतरवताना चुकलंय."

मी कागद हातात घेतला. आणि मला तो तेवीस वर्षांपूर्वीचा फळा दिसला. पान उलटेपर्यंत शिक्षकांनी वरची ओळ पुसली होती. दुसऱ्या पानाचं डोकं मी माझ्या मनानं लिहिलं होतं. 'फक्त चढ.' तेव्हा मी बावीस-तेवीसचा होतो. उतरणं कुठं मोजायचं असतं का, उतरणं तर कोणीही उतरतं, अशी माझी घमेंड होती.

म्हणजे मी दुबळा नव्हतो! तक्ताच चुकला होता. जे कोणालाच जमलं नसतं ते मला जमलं नव्हतं. तेवीस वर्षांचा दगड छातीवरून उतरला असं वाटलं. मी जवळजवळ आनंदानं विचारलं, "मंग मॅडम, तुम्ही या आठवड्यात काय केलं? अर्ध्याच केल्या ना?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "लिहिल्या होत्या तेवढ्या केल्या. रोज वीस फेऱ्या. तुम्ही या विषयातले माणूस. तक्ता चुकलाय का माझंच कमी पडून राह्यलंय, हे केल्याबिगर कसं कळावं?"

दगड होता तिथं परत येऊन बसला. मला आयुष्यात एक सबब खरी मिळाली होती, ती या बाईनं दिली आणि त्याच वाक्यात काढून घेतली. त्या शनिवारी दुपारी मी त्यांचा केला तितका द्वेष आयुष्यात कोणाचा केला नसेल. आणि त्या माझ्यासमोर उभ्या होत्या, पाय थरथरत होते, आणि काळजी कसली, तर आपली शंका चुकीची नाही ना याची.

"मूळ वही असंल ना?" त्यांनी विचारलं. "ताळा करून पाहू."

त्या वहीत माझ्याही खुणा होत्या. नवव्या आठवड्याच्या सोमवारपर्यंत. पुढं सगळं कोरं. "हरवली," मी म्हणालो. "तेव्हा कावीळ झाल्ती ना, त्या गडबडीत गेली कुठं तरी."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. पोरगं पाढा म्हणताना अडखळलं की पाहायच्या तसं, न रागावता. "कावीळ वाईटच," म्हणाल्या. आणि अंबाड्यातला पेन काढून 'फक्त चढ'भोवती गोल केला.

पुढचे तीन आठवडे दुरुस्त तक्त्यानं झाले. नवव्यानंतर ते त्यांना सोपेच गेले असणार. दौलताबादला त्या ठरलेल्या वेळेच्या सोळा मिनिटं आधी उतरल्या. शाळेत पेढे वाटले गेले. सगळ्यांना सांगत सुटल्या, "शिंदे सरांचा तक्ता. समदं त्यांचं." मुख्याध्यापकांनी माझीही पाठ थोपटली. त्या थापेसारखी थाप वैऱ्यालाही बसू नये.

त्या हिमालयात गेल्या तेव्हा मुख्याध्यापकांनी उत्साहाच्या भरात, बाई गाडीत बसल्या त्याच दिवशी फ्लेक्स छापायला टाकला. हातात काठी घेतलेल्या मॅडम, मागं कुठलंसं बर्फाचं शिखर आणि खाली, 'शिखर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' तीन आठवड्यांनी त्या परतल्या तेव्हा तो शाळेच्या फाटकावर वाऱ्यानं फडफडत होता. नाकाची साल निघालेली, गाल काळवंडलेले. फ्लेक्सखाली थांबून त्यांनी तो नीट वाचला. मग आत आल्या. प्रार्थनेला पोरं रांगेत उभी होती, टेबलावर शाल आणि नारळ तयार होता. मुख्याध्यापकांनी माईक पुढं केला.

"आधी फाटकावरचा कागद उतरवा," मॅडम म्हणाल्या. "त्याच्यात चूक हाय. मी शिखरावर न्हाई पोहोचले. दोनशे मीटर राह्यले."

मुख्याध्यापकांनी शिपायाला फाटकाकडं पिटाळलं. आणि मी? मला हलकं वाटलं. कोणी पाहत नसतं तर मी शिट्टी वाजवली असती. बाईही अडल्या तर!

"कुठं अडलं ते सांगते," त्या पुढं म्हणाल्या. "त्या दिवशी वारा होता. सोबतच्या दोघीजणी म्हणल्या, घरी सांगू, वाऱ्यामुळं फिरलो. पण वाऱ्यातच बाकीच्या तिघी वर गेल्या. मी वाऱ्याचं नाव सांगणार न्हाई. माझे पाय संपले. बसले, पंधरा मिनिटं थांबले, उठून पाह्यलं, न्हाई जमलं. दोराच्या माणसानं विचारलं, मी म्हणलं, फिरा. मंग जितकं चढले तितकं उतरले. उतरणंही मोजलंय. उतरताना जास्त जड गेलं. कोणाला काही विचारायचं?"

पूजा आता अकरावीला गेली होती, तरी मुद्दाम आली होती. तिनं मागून विचारलं, "मॅडम, परत जाणार का?"

"दोनशे मीटरच राह्यलेत," मॅडम म्हणाल्या, जणू वहीची दोन पानं राहिलीत.

पोरांनी वाजवल्या तशा टाळ्या शिखरावर गेलेल्यांसाठीही कोणी वाजवत नसेल. माझं हलकं वाटणं तिथल्या तिथं विरलं. त्यांचं चढणं मला सहन झालं असतं हो. पायांना, वयाला, नशिबाला माणूस एकवेळ माफ करतो. पण चारशे पोरांसमोर, हातात माईक घेऊन, शाल-नारळ समोर असताना, "माझे पाय संपले" असं साध्या आवाजात म्हणता येणं! जे मला एका बायकोसमोर म्हणता आलं नव्हतं. त्या दिवशी मी सगळ्यात जास्त जळलो.

मग भजी आली. मुख्याध्यापक म्हणाले, "शिंदे सर, दोनच हं." मॅडम समोरच बसल्या होत्या. त्यांनी माझ्या बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या बशीतली भजी मोजायला लागल्या.

यंदा संस्थेनं त्यांची बदली टेंभुर्णीच्या शाळेत केली. माहेरचं गाव, त्यांनीच मागून घेतली म्हणतात. निरोपाच्या कार्यक्रमात मी बोललो नाही, घसा बसल्याचं सांगितलं. कारणं सांगायची सवय लवकर सुटत नाही. पण संध्याकाळी ट्रंक उघडली, ती वही काढली आणि स्टँडवर गेलो. जालन्याची गाडी लागली होती. मॅडम खिडकीजवळ बसल्या होत्या, मांडीवर ती उत्तरपत्रिकांची पिशवी.

"तिकडं टाकी आहे का?" मी खिडकीखालून विचारलं.

"हाय. एकशे चार पायऱ्या. रविवारी जाऊन मोजून आले."

मी वही वर केली. "ही सापडली," म्हणालो.

त्यांनी वही उघडली. पिवळी पडलेली पानं, ज्वारीचा एक दाणा शिवणीत अडकलेला. खुणांवरून त्यांचं बोट खाली खाली सरकत गेलं. पहिला आठवडा, पाचवा, आठवा. पान उलटलं. नववा. सोमवार. बोट थांबलं. त्यांनी वर पाहिलं.

"कुठं अडलं, सर?"

इंजिन सुरू झालं होतं. कंडक्टरनं दार ओढलं. मी म्हणालो, "तिथंच. मंगळवारी. कावीळ झालीच नव्हती, मॅडम."

आवाज माझा मलाच नीट ऐकू आला नाही, पण त्यांना आला असावा. "बराबर," त्या म्हणाल्या. अंबाड्यातला पेन काढला आणि वहीवर वाकल्या. गाडी हलली, वळणासाठी मागं आली, पुढं निघाली. मी दोन पावलं बरोबर चाललो तेव्हा खिडकीतून हात बाहेर आला, हातात वही; ती मी घेतली. दुसरा हात डोक्याकडे गेलेला, पेन पुन्हा खोचत असलेला. एवढंच शेवटचं दिसलं.

धूळ बसल्यावर वही उघडली. नवव्या आठवड्याच्या मंगळवारी एक बारीक लाल गोल होता आणि शेजारी दोन शब्द, "इथून पुन्हा." वरच्या माझ्या खुणांना हात लावलेला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते नाकारत नाही. पण पहिलं मनात काय आलं तेही सांगून टाकतो. चालत्या एस.टी.त, मांडीवर वही धरून लिहिलं, तरी बाईचं अक्षर काय सरळ आलं होतं!